बुडापेस्टची मुलांची रेल्वे : गाडी वेळेवर, इतिहास मात्र लेट

पुण्याच्या पेशवे पार्कातली फुलराणी 1956 साली सुरू झाली. तिच्यात मुलं बसतात आणि मोठी माणसं ती चालवतात. बुडापेस्टच्या पश्चिमेकडच्या डोंगरात याच्या नेमकं उलट आहे. डब्यात मोठी माणसं बसलेली असतात. तिकीट देणं, तिकीट तपासणं, सांधे बदलणं, पुढच्या स्टेशनाला फोन लावून लाइन क्लिअर, म्हणजे मार्ग मोकळा असल्याची कबुली, मागणं ही सगळी कामं दहा ते चौदा वर्षांची पोरं करतात. सुटायची वेळ झाली की लाल टोपीतलं एक पोर फलाटावर ताठ उभं राहून गाडीला परवानगी देतं आणि शेवटचा डबा समोरून जाईपर्यंत सलाम ठोकून उभं राहतं. इंजिन तेवढं मोठ्या माणसाच्या हातात असतं.

हिचं हंगेरियन नाव ज्येर्मेकवाशूत, म्हणजे मुलांची रेल्वे. हे नाव 1990 नंतरचं. त्याआधी बेचाळीस वर्षं ती ‘पायोनियर रेल्वे’ होती, आणि कम्युनिस्ट हंगेरीच्या ‘पायोनियर’ या बालसंघटनेचं ते सर्वांत देखणं दुकान होतं. म्हणून इथे दोन गोष्टींची परीक्षा करायची आहे : पैसे देऊन मिळणाऱ्या रेल्वेप्रवासाची, आणि एखादी एकपक्षीय राजवट मुलांना आपलंसं कसं करते हे या मार्गावर किती नीट दिसतं याची. पहिल्या बाबतीत पाचपैकी पाच. दुसऱ्या बाबतीत माल सगळा तिथेच पडलेला आहे, पण तो काढून दाखवणारं कोणी नाही.

आधी प्रवासाचं. मार्ग 11 किलोमीटरहून थोडा जास्त, एकेरी, 760 मिलिमीटर गेजचा. नेरळ–माथेरानचं गेज 610 आहे, म्हणजे डबे माथेरानच्या गाडीपेक्षा थोडे ऐसपैस. थांबे नऊ, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत 40 ते 50 मिनिटं लागतात. इंजिनं 1973 सालची, रोमानियन बनावटीची एमके-45 डिझेल. काही ठरावीक दिवशी वाफेचं इंजिन किंवा जुनी रेलकार निघते. तिला वेगळा अधिभार पडतो आणि आधी वेळापत्रक बघून जावं लागतं. उन्हाळ्यात उघड्या बाजूंचे डबे जोडलेले असले तर त्यातच बसा.

वरचं टोक सेचेनीहेज्य, खालचं ह्युवॉशवॉल्ज्य. ही नावं तोंडी विचारायच्या भानगडीत पडू नका, फोनवर लिहिलेली दाखवा. दोन टोकांच्या उंचीत दोनशे मीटरहून जास्त फरक आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याने वरून खाली यावं. वर जायला वारोशमायोर इथून 60 नंबरची दातेरी रेल्वे आहे. ती 1874 सालची, आणि शहराच्या वाहतुकीत तिची गणना ट्राममध्ये होते. ती बंद असेल तर सेल काल्मान चौकातून 21 नंबरची बस धरून नॉर्माफाला उतरा, तिथेही या रेल्वेचं स्टेशन आहे. खाली उतरल्यावर ह्युवॉशवॉल्ज्यहून 61 नंबरची ट्राम परत त्याच चौकात आणून सोडते.

लोकांचं चुकतं ते ठरलेल्या दोन-तीन ठिकाणी. शहराच्या बस-ट्रामचा पास खिशात आहे म्हणून तिकीट न काढता डब्यात चढतात. तो पास दातेरी रेल्वेत आणि ट्राममध्ये चालतो, इथे चालत नाही. तपासायला आलेली अकरा वर्षांची मुलगी हसून सोडून देईल असंही समजू नये, ती नियमाने जाते. दुसरं म्हणजे सोमवार. सप्टेंबरपासून वसंतापर्यंत सोमवारी गाडी बंद असते. तिसरं, इतर दिवशी गाडी साधारण तासाला एक, शनिवार-रविवारी जास्त. मधल्या स्टेशनावर उतरून रानात भटकायचं असेल तर परतीच्या गाडीची वेळ आधी टिपून ठेवा, कारण काही थांब्यांवर झाडांखेरीज सोबत नाही. यानोशहेज्यला उतरलात तर चढण चढून 527 मीटर उंचीच्या माथ्यावरच्या एर्झेबेत मनोऱ्यापर्यंत जाता येतं, आणि उतरताना खुर्च्यांच्या पाळण्यातून थेट झुग्लिगेतला येता येतं. प्रवास अर्धाच होतो, पण पायांत जोर असेल तर हा बेत वाईट नाही.

आता कर्मचारी. ही पोरं हौसेने गणवेश घालून मिरवतात असं पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं. खरं काम आहे. चौथी इयत्ता झालेली, अभ्यासात चांगली, पालकांची आणि शाळेची संमती असलेली, डॉक्टरने तंदुरुस्त ठरवलेली मुलंच अर्ज करू शकतात. मग सुमारे चार महिन्यांचं शिक्षण : सिग्नल, सांधे, भाडं, हिशेब, वाहतुकीचे नियम. शेवटी परीक्षा. पास झाल्यावर मुलांचे गट पाडले जातात आणि प्रत्येक गटाची पाळी साधारण पंधरवड्यातून एकदा येते. तो दिवस शाळेचा असला तर शाळा बुडते, आणि बुडालेला अभ्यास आपला आपण भरून काढायचा असतो. गुण घसरले तर गणवेश धोक्यात. उन्हाळ्यात गट ह्युवॉशवॉल्ज्यच्या वसतिगृहात राहायला येतो.

एकेरी मार्गावर समोरासमोर येणाऱ्या गाड्या स्टेशनात एकमेकींना ओलांडतात, त्यामुळे इथे चूक झाली तर ती खेळातली चूक नसते. म्हणून एका स्टेशनावर दोन मुलं वाहतूक बघतात. एक फलाटावर लाल टोपी घालून हुकूम देतो; दुसरा आत बसून शेजारच्या स्टेशनाशी फोनवर बोलतो आणि प्रत्येक गाडीची नोंद वहीत करतो. मागे एक मोठा माणूस उभा असतोच. चांगला असेल तर तो जवळजवळ दिसत नाही, आणि इथले बहुतेक तसे आहेत. त्या दुसऱ्या पोराच्या खिडकीपाशी दोन मिनिटं थांबून पाहा. वही, फोन, घड्याळ आणि भुवया आक्रसलेला चेहरा. सबंध प्रवासात पाहण्यासारखं सर्वांत जास्त तिथे आहे, डोंगर नंतर.

या रेल्वेची राजकीय चलाखीही त्या वहीतच आहे. मुलांना भाषणं आवडत नाहीत, हे पक्षवाल्यांनाही ठाऊक होतं. मुलाला हवं असतं खरं काम, खरी जबाबदारी, आणि ती मोठ्यांच्या देखत पार पाडल्याचा मान. राजवटीने हे तिन्ही दिलं. फक्त त्यावर पायोनियरांच्या गळ्यातला लाल रुमाल बांधला.

मुळातली कल्पना हंगेरीची नव्हे. सोव्हिएत संघात तिबिलिसीला 1935 साली मुलांची पहिली रेल्वे सुरू झाली, पाठोपाठ इतर शहरांत अशाच निघाल्या. युद्धानंतर हा नमुना पूर्व युरोपात आला. ड्रेस्डेन, लाइपत्सिग आणि पूर्व बर्लिन इथेही पायोनियर रेल्वे झाल्या. रशियात अशा डझनाहून जास्त गाड्या आजही धावतात. बुडापेस्टची सर्वांत लांब म्हणून गिनेसच्या पुस्तकात नोंदलेली आहे. सोव्हिएत प्रकाशनांची स्वस्त, गुळगुळीत कागदाची मराठी बालपुस्तकं वाचून वाढलेल्या पिढीला ती लाल रुमालवाली मुलं चित्रांतून ओळखीची असतील. चित्रांत ती नेहमी हसत असत.

बुडापेस्टच्या मार्गाचा पहिला टप्पा 31 जुलै 1948 रोजी खुला झाला. त्या उन्हाळ्यात आणखी काय काय झालं ते शेजारी मांडून बघायला हवं. जूनमध्ये कम्युनिस्ट पक्षाने सोशल डेमोक्रॅटांना पोटात घेतलं. त्याच महिन्यात कायदा करून चर्चच्या शाळा सरकारजमा झाल्या. त्याच वर्षी हंगेरीची स्काउट चळवळ मोडीत निघाली. 1912 पासूनची ही चळवळ साधीसुधी नव्हती. 1933 साली गॉडॉल्लो इथे जागतिक जांबोरी, म्हणजे स्काउटांचा मेळावा, भरली तेव्हा जगभरातून सुमारे 25,000 स्काउट आले होते आणि खुद्द स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल हजर होते. म्हणजे मुलांच्या हातातलं जुनं खेळणं काढून घेतलं आणि महिन्या-दोन महिन्यांत नवं, कितीतरी मोठं खेळणं दिलं. शेवटचा टप्पा 20 ऑगस्ट 1950 रोजी खुला झाला. 20 ऑगस्ट हा हंगेरीत संत स्तेफानचा, राष्ट्राच्या संस्थापक राजाचा दिवस. राजवटीने 1949 पासून तो संविधान दिन करून टाकला होता. लोकांना सुट्टीची सवय होती, सवय तशीच ठेवली, नाव बदललं.

स्काउट आणि पायोनियर यांच्यातलं नातंही तसंच. गळ्यातला रुमाल, शपथ, तुकडी, तुकडीतली छोटी टोळी, तिचा मुलांतलाच नायक, कलमांत बांधलेले नियम, उन्हाळी छावणी : सगळा साचा स्काउटांचा. ईश्वरनिष्ठा काढून तिथे पक्ष आणि श्रमिक जनता बसवली. नवा साचा घडवायला वेळ लागतो. चालता साचा बळकवला की मुलांना आणि पालकांना बदल पचायला सोपा जातो. एक मोठा फरक मात्र केला. स्काउट शाळेबाहेर होते, पायोनियर शाळेच्या आत आले. तुकडी म्हणजे शाळाच, तुकडीप्रमुख म्हणजे शिक्षक. त्यामुळे सामील व्हायचं की नाही हा प्रश्न फारसा उरलाच नाही. कागदावर सक्ती नव्हती; वर्गात चाळीस लाल रुमाल आणि एक मोकळा गळा असला की कागदाची गरज लागत नाही.

वयाची शिडीही नीट रचलेली होती. सहा ते दहा वर्षांची मुलं किशदोबोश, म्हणजे छोटे ढोलकरी, निळ्या रुमालाची, सहा कलमांची. दहा ते चौदा पायोनियर, लाल रुमाल, बारा कलमं. चौदानंतर तरुणांची संघटना. प्रत्येक पायरीवर रंग बदलतो, म्हणजे वरच्या पायरीची ओढ आपोआप तयार होते. एकमेकांना हाक ‘पॉयताश’, म्हणजे गडी, सवंगडी. मोठ्यांच्या ‘कॉम्रेड’चं हे बालरूप, आणि मुलांच्या साप्ताहिकाचं नावही तेच. भाषेत एवढं केलं की पुढचं बरंचसं आपसूक होतं.

नाझी जर्मनीशी तुलना इथे टाळता येत नाही. तिथे 1 डिसेंबर 1936 च्या कायद्याने सगळी तरुणाई हिटलर युगेंड या नाझी तरुण संघटनेच्या कक्षेत आणली आणि 25 मार्च 1939 च्या आदेशाने दहा वर्षांपासून सेवा सक्तीची केली. पण सक्तीच्या आधीची ओढ त्यांनीही यंत्रांनीच लावली होती : ग्लायडर शिकवणारी उड्डाण शाखा, मोटरसायकलींची शाखा, नौकांची शाखा. तरुणांचं नेतृत्व तरुणच करतील, हे त्यांचंही ब्रीद होतं. ग्लायडर शिकलेला पोरगा पुढे लुफ्तवाफेत, म्हणजे जर्मन हवाई दलात, गेला. बुडापेस्टचं पोर सांधे बदलायला शिकलं आणि फार तर पुढे रेल्वेत चिकटलं. हा फरक लहान नाही, दोन्हींना एका तागडीत टाकणारे तो विसरतात. आत शिरायचं दार मात्र सारखं.

मार्ग वाचायला स्टेशनांची नावं पुरतात, फक्त जुनी नावं माहीत हवीत. आज चिल्लेबेर्त्स आहे ते तेव्हा ‘पायोनियरनगर’ होतं, कारण शेजारीच मुलांची मोठी छावणी होती. पुढचं विरागवॉल्ज्य, फुलांची दरी. 1948 साली तिचं नाव होतं ‘एलोरे’, म्हणजे ‘पुढे!’ पायोनियरांची घोषणाच. पहिल्या वर्षी गाडी सुटली की जायची ती घोषणेकडेच. आणखी खाली सेपयुहासने, सुंदर मेंढपाळीण. तिथे तेव्हा पाटी होती ‘शागवारी-लिगेत’. एंद्रे शागवारी हा तरुण कम्युनिस्ट कार्यकर्ता जुलै 1944 मध्ये बुदामधल्या एका मिठाईच्या दुकानात पोलिसी चकमकीत मारला गेला. तो फॅसिस्टविरोधी लढ्यात मेला यात खोटं काही नाही. पण तरुण हुतात्मा प्रत्येक अशा संघटनेला लागतोच. नसला तर शोधला जातो, आणि सापडला की त्याच्या नावाने बागा, शाळा, स्टेशनं होतात. काही स्टेशनांच्या भिंतींवर त्या काळातली पायोनियर मुलांची चित्रं आणि शिल्पं टिकून आहेत. ती खरवडून काढली नाहीत हे बरं केलं. पण शेजारी दोन ओळींची नीट पाटी असती तर परदेशी पाहुणा त्यांच्यासमोर नुसते फोटो काढून गेला नसता.

सलामाचंही तसंच. पायोनियरांचा सलाम म्हणजे सरळ तळवा कपाळाच्या वर. सोव्हिएत पद्धतीत त्याचा अर्थ असा शिकवत की समूहाचं हित स्वतःच्या हिताच्या वर. आजचं पोर टोपीच्या कडेला हात लावतं, रेल्वेवाल्यासारखं. हात दोन-चार बोटं खाली आला, एवढाच नव्वदीतल्या सत्ताबदलाचा पुरावा फलाटावर उरला आहे.

ह्युवॉशवॉल्ज्यला एक छोटं संग्रहालय आहे. तिथे जुने गणवेश, निशाणं, यंत्रं, फोटो. रेल्वेवेड्यांसाठी झकास. इतिहास शोधणाऱ्याला तिथे अर्धपोटी उठावं लागतं, कारण त्याचा जीव यंत्रांत आणि आठवणींत आहे. गणवेश कोणाला मिळाला ते तिथे कळतं. कोणाला मिळाला नाही, हा प्रश्न तिथे पडत नाही. कम्युनिस्ट हुकूमशहा राकोशीच्या काळात शाळेच्या दाखल्यात मुलाच्या बापाची वर्गवारी एका अक्षराने नोंदलेली असे : कामगार, शेतकरी, बुद्धिजीवी, इतर, आणि ‘वर्गशत्रू’ घरांतल्या मुलांसाठी सरळ फुली. उच्च शिक्षणाची दारं ती फुली बघून बंद होत. ही पद्धत साठच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चालली. पोरांच्या हाती गाडी देणारी राजवट आणि पोराच्या नावापुढे फुली मारणारी राजवट एकच होती. लाल टोपीच्या काचपेटीशेजारी असा एक दाखला ठेवायला जागा फार लागत नाही. संग्रहालयाला पाचपैकी तीन, आणि त्यातला एक तिथल्या वस्तूंच्या निगराणीसाठी.

एक गोष्ट मात्र या रेल्वेच्या बाजूने सांगायला हवी. रुमाल गेला, तारा गेला, घोषणा गेल्या, तरी रेल्वे बंद पडली नाही. अर्जदार येत राहिले, परीक्षा तशीच राहिली, गाडी वेळेवर राहिली. म्हणजे मुलांना जे हवं होतं ते रुमालाशिवायही हवंच होतं. पक्षाला वाटत असे की गाडी रुमालाला ओढते आहे. प्रत्यक्षात रुमाल नुसता डब्यात बसून फुकट प्रवास करत होता. त्या काळात इथे काम केलेली माणसं आजही गोडीने बोलतात तेव्हा त्यांच्यावर चिडायचं कारण नाही. त्यांना राकोशी आठवत नसतो, लाइन क्लिअर आठवत असते. तरी ही गोडीच राजवटीच्या कामाची होती, हेही खरं. दहाव्या वर्षी ज्याने आपल्यावर विश्वास टाकला त्याच्याविषयी चाळिसाव्या वर्षी वाईट बोलताना जीभ अडखळते.

मुलांना घेऊन जाणाऱ्यांसाठी दोन-तीन सूचना. सहा-सात वर्षांखालच्यांना गाडी आवडेल, बाकी काही कळणार नाही, आणि कळायची गरजही नाही. दहा-बारा वर्षांचं मूल सोबत असेल तर त्याला तिकीट स्वतः काढू द्या. समोर आपल्याच वयाचं पोर हिशेब करून सुटे पैसे परत देतंय हे पाहून जे होतं ते सांगून होत नाही. हातात थोडे फोरिंट रोख असू द्या. गाडीतल्या मुलांचे फोटो काढायचे तर आधी विचारा, ती कामावर असतात. हार्शहेज्य आणि ह्युवॉशवॉल्ज्यच्या मधे सुमारे 200 मीटरचा बोगदा येतो, तिथे डबा थंड पडतो. उघड्या डब्यात उन्हाळ्यातही एखादा अंगरखा जवळ असावा. खाण्यापिण्याची सोय सगळ्या थांब्यांवर नाही, नॉर्माफालाच काही पोटात ढकलून घ्या.

परतीला 61 ची ट्राम आणून सोडते तो सेल काल्मान चौक. 1951 ते 2011 अशी साठ वर्षं त्याचं नाव मॉस्को चौक होतं. पाट्या, नकाशे, तिकिटं सगळं बदललंय. पण एखाद्या वयस्क बुडापेस्टकराला रस्ता विचारलात आणि तो ‘मॉस्क्वा’ म्हणाला तर गोंधळू नका, तुम्ही बरोबर ट्राममध्ये आहात.